चेष्टेचे दोन अर्थ

भंडाऱ्यास भरलेल्या एका समारंभाची हकीकत प्रथम सांगतों. प्रमुख वक्ते बाहेरगांवचे होते, विद्वान होते, आणि मराठी भाषेच्या थोरवीवर बोलावयास आले होते. भाषणाच्या ओघांत सभेला हंसविण्यासाठीं त्यांनीं एक किस्सा सांगितला. इकडच्या एका गृहस्थांकडे ते दुपारीं गेले. वडील कोठें आहेत असें विचारतां दारांतला मुलगा म्हणाला, 'बाबा जेवून राहिले.' वक्ते म्हणाले, 'जेवले हें उत्तम झालें. परंतु स्वतःच्याच घरीं जो मनुष्य जेवून राहतो, तो एरवीं कोणाकडे राहतो, हें विचारण्याचें मला धैर्य झालें नाहीं.' सभागृह खदखदून हंसलें. ज्यांच्या घरीं त्याच दिवशीं हें वाक्य दहा वेळां बोललें गेलें असेल, असे पुढच्या रांगेंतले लोक सर्वांत मोठ्यानें हंसले. मीहि हंसलों. घरीं परततांना मात्र त्या हंसण्याची लाज वाटूं लागली. कारण त्या मुलाचें काय चुकलें होतें, या प्रश्नाचें उत्तर मला देतां येईना.

मुलाचें कांहींच चुकलें नव्हतें. क्रिया चालू आहे असें सांगावयाचें झालें म्हणजे पूर्व विदर्भांत 'जेवून राहिला', 'येऊन राहिली', 'लिहून राहिले' असेंच म्हणतात. पुण्यामुंबईकडच्या छापील मराठींत त्याच दोन पदांचा अर्थ 'जेवला आणि मग मुक्काम केला' असा होतो. पदें तींच, रचना तीच, अर्थ निराळा. ज्याला दोन्ही अर्थ ठाऊक आहेत त्याला या योगायोगाची गंमत वाटावी हें योग्यच आहे. परंतु वक्त्यांच्या किश्शांत गंमत योगायोगाची नव्हती, मुलाची होती. एका भाषेंतला शब्द दुसऱ्या भाषेंतल्या शब्दासारखा दिसतो, एवढ्याच भांडवलावर जो विनोद उभा राहतो, त्याविषयीं मला येथें बोलावयाचें आहे. विनोदाशीं माझें वैर नाहीं. ज्या विनोदांत हंसणारा आपलें माप हेंच जगाचें माप समजतो, आणि माप जुळलें नाहीं कीं बोलणाऱ्याला अडाणी ठरवितो, त्या विनोदाशीं मात्र आहे.

हा प्रकार आमच्याच मुलुखांतला आहे असें कोणीं समजूं नये. इंटरनेटवर इंग्रजी जाणणाऱ्या लोकांत जर्मन शब्दांच्या थट्टेचा बाजार अखंड भरलेला असतो, आणि मोबाइलच्या कृपेनें त्यांतला माल आतां साकोलीच्या बसस्थानकावर बसलेल्या विद्यार्थ्यापर्यंत येऊन पोहोंचला आहे. त्यांतले कांहीं नमुने वाचकांपुढें ठेवतों. इंग्रजींत 'गिफ्ट' म्हणजे भेटवस्तु. जर्मनांत 'गिफ्ट' म्हणजे विष. इंग्रजींत 'हेल' म्हणजे नरक. जर्मनांत 'हेल' म्हणजे उजळ, लख्ख. इंग्रजींत 'मिस्ट' म्हणजे धुकें, जर्मनांत शेणखत. सल्ल्याला किंवा सल्लागार मंडळाला जर्मन लोक 'राट' म्हणतात, म्हणून नगरपालिकेची इमारत ती 'राटहाउस'. पाटी वाचणाऱ्या इंग्रजाला मात्र तें उंदरांचें घर वाटतें. मोटाररस्त्यावरून बाहेर पडण्याच्या वाटेला 'आउसफार्ट' म्हणतात. त्या शब्दाच्या शेपटींत इंग्रजी कानाला एक असभ्य शब्द ऐकूं येतो, ही एक मौज. आणि रस्तोरस्तीं तीच पाटी पाहून प्रवासी विचारतो कीं, आउसफार्ट हें एवढें मोठें शहर तरी कोणतें, ही दुसरी. उलट दिशेनेंहि हाच खेळ चालतो. जर्मनांत 'बेकॉमेन' म्हणजे मिळणें. इंग्रजी नवीन शिकलेला जर्मन मनुष्य खाणावळींत बसून त्याच तोंडवळ्याचा इंग्रजी शब्द वापरतो, आणि 'मला मांसाचा तुकडा केव्हां मिळेल' असें विचारावयाच्या ऐवजीं 'मी मांसाचा तुकडा केव्हां होईन' असें विचारून बसतो.

अशा शब्दांना केस्लेर आणि देरोकिन्यी या दोन लेखकांनीं १९२८ सालीं फ्रेंच व इंग्रजी यांच्या संबंधांत 'खोटे मित्र' हें नांव दिलें, आणि तें पुढें सर्वत्र रूढ झालें. नांव समर्पक आहे, परंतु अर्धेंच खरें आहे. कारण यांतले कित्येक मित्र खोटे नसून दुरावलेले भाऊ असतात. 'गिफ्ट' हाच शब्द घ्या. इंग्रजी व जर्मन या दोन्ही भाषांत त्याचें मूळ 'देणें' या अर्थाच्या एकाच धातूंत आहे. दिलेली वस्तु, मग वैद्यानें दिलेली मात्रा, आणि मग जी मात्रा दिल्यावर मनुष्य उठत नाहीं ती, असा जर्मन शब्दाचा प्रवास झाला. मूळचा अर्थ जर्मन भाषेनें अगदींच टाकला असेंहि नाहीं. हुंड्याला ते लोक 'मिटगिफ्ट' म्हणतात. एकाच शब्दांत देणगी, हुंडा आणि विष हीं तिन्हीं एकत्र कशीं नांदतात, हें आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. इंग्रजी 'हेल' आणि जर्मन 'हेल' यांचें मात्र कसलेंहि नातें नाहीं. दोन परके एका चेहऱ्याचे निघावे तशांतला तो प्रकार आहे.

म्हणजे या थट्टेंतून पुढें जाण्याचा मार्ग आहे. हंसावें आणि मग विचारावें: हा सारखेपणा रक्ताचा कीं केवळ चेहऱ्याचा? अमेरिकन विनोदकार मार्क ट्वेन यानें १८८० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनाच्या पुरवणींत जर्मन भाषेची यथेच्छ टवाळी केली आहे. परंतु ती करण्यापूर्वीं तो हायडेलबर्गला जाऊन राहिला होता आणि त्या भाषेशीं झुंजला होता. लिंगें, विभक्ति आणि मैलभर लांबीचे समास यांनीं जो घायाळ झाला आहे त्याच्या थट्टेला हक्क असतो. बाजारांतल्या थट्टेला तेवढाहि आधार नाहीं. एक चित्रफीत अशी फिरत असते कीं, फुलपाखरासाठीं निरनिराळ्या देशांचे लोक आपापला शब्द गोड स्वरांत उच्चारतात, आणि शेवटीं जर्मन मनुष्य 'श्मेटरलिंग' असें खेकसतो. लोक हंसून लोळतात. आतां 'फुलपाखरूं' हाच शब्द कोणी मुठी आवळून, डोळे वटारून उच्चारावा. तोहि असाच रानटी वाटेल. कर्कशपणा शब्दांत नव्हता, नकल करणाऱ्याच्या घशांत होता. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां आपल्या घरीं येऊं. भंडारा जिल्हा मराठी मुलुखाच्या पूर्व कडेला आहे. तुमसरहून तिरोडीच्या गाडींत बसलें म्हणजे कांहीं स्थानकांनंतर मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा लागतो, आणि पाट्यांवरची लिपि तीच राहून शब्दांचे अर्थ बदलूं लागतात. शाळाखात्याच्या पाटीवर 'शिक्षा विभाग' असें वाचून आमचीं मुलें एकमेकांना कोपरानें ढोसतात. कारण मराठींत शिक्षा ही छडीनें होते. 'बस खाली है' हें ऐकून मराठी म्हातारी बस उताराखालीं उभी असेल असें समजते; हिंदी बोलणाऱ्याला ती रिकामी आहे एवढेंच सांगावयाचें असतें. हिंदींत 'समाधान' म्हणजे प्रश्नाचें उत्तर, आमच्याकडे मनाची तृप्ति. आणि उत्तर मिळूनहि तृप्ति होत नाहीं, हा तर सरकारी कचेरींतला नित्याचा अनुभव. 'हरकत' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ हालचाल. हिंदीनें त्याला आगळीक या अर्थाकडे नेलें, मराठीनें आक्षेप या अर्थाकडे. दर वर्षीं उन्हाळ्याच्या तोंडावर केदारनाथचे 'कपाट' उघडल्याची वार्ता हिंदींतून येते, आणि देवानें कपाटांत काय ठेवलें असेल याचा मराठी मन विचार करूं लागतें.

येथेंहि भाऊ कोणते व परके कोणते हें पाहण्यासारखें आहे. 'शिक्षा' हे भाऊ आहेत. शिकणें, शिकविणें हा मूळ अर्थ. सहा वेदांगांत उच्चारशास्त्राचें नांवच 'शिक्षा' आहे. मराठीनें 'शिक्षक' आणि 'शिक्षण' यांत तो अर्थ जपला, आणि 'शिक्षा' हा शब्द मात्र छडीच्या हवालीं केला. आमच्या शाळांचा इतिहास त्या एका शब्दांत आला आहे, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. 'कपाट' हेहि भाऊच. संस्कृतांत कपाट म्हणजे दाराची फळी. हिंदी देवळाच्या दाराशीं थांबली, मराठीनें दारें असलेल्या फडताळालाच तें नांव दिलें. उलट हिंदी 'पीठ' आणि मराठी 'पीठ' हे परके. हिंदी शब्द 'पृष्ठ' पासून आला, मराठी 'पिष्ट' पासून. आमचें 'ऊन' उष्णापासून निघालें, त्यांचें 'ऊन' ऊर्णेपासून, म्हणजे लोंकरीपासून. दोन भिन्न वाटांनीं चालत आलेले दोन प्रवासी एकाच धर्मशाळेंत उतरावे, तसे हे शब्द एका उच्चारांत उतरले आहेत.

हिंदी व मराठी यांच्यामधील ही थट्टा मला निर्दोष वाटते. दोन्ही भाषांना शाळा आहेत, कोश आहेत, वर्तमानपत्रें आहेत. हिंदी मनुष्य आमच्या 'शिक्षे'ला हंसला म्हणून मराठी मनुष्य बोलावयाचा थांबत नाहीं. इंग्रजांच्या टवाळीनें जर्मन भाषेचेंहि कांहीं बिघडलें नाहीं. बरोबरीच्या शेजाऱ्यांची ही थट्टा आहे, आणि फटका दोन्ही बाजूंनीं मारतां येतो.

परंतु हीच थट्टा आमच्या बोलीवर उतरली म्हणजे तिचा स्वभाव पालटतो. भंडारा, १ मे १९९९ रोजीं त्यापासून वेगळा झालेला गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग या मुलुखाला झाडीपट्टी म्हणतात, आणि तेथील बोलीला झाडीबोली. या बोलींत ण नाहीं, ळ नाहीं. पाण्याला 'पानी' म्हणतात, डोळ्याला 'डोरा' म्हणतात. हिंदींत 'डोरा' म्हणजे दोरा. तेव्हां 'माझा डोरा दुखते' या वाक्याचें काय होत असेल तें वाचकांनीं ओळखावें. विदर्भांत कोथिंबिरीला 'सांबार' म्हणतात. नागपूरकडची सांबारवडी खाऊन तृप्त झालेला पाहुणासुद्धां दुसऱ्या दिवशीं बाजारांत भाजीवालीजवळ सांबाराची जुडी पाहून इडली कोठें आहे असें विचारतो, आणि आपण मोठा विनोद केला असें समजतो.

आतां याची दुसरी बाजू पाहा. कोंकणांत भाताची 'लावणी' होते. आमच्याकडे धानाची 'रोवणी' होते. 'आषाढांत आमचें सारें गांव लावणींत गुंतलेलें असतें,' असें कोंकणी गृहस्थानें सांगितलें आणि आमच्या लाखांदुरच्या शेतकऱ्यानें ढोलकी कोण वाजवितो म्हणून विचारलें, तर त्यांत विनोद आहे कीं नाहीं? 'जेवून राहिला' यांत जितका आहे तितकाच आहे. परंतु हा विनोद व्यासपीठावरून सांगितलेला मीं कधीं ऐकला नाहीं. कोंकणी मनुष्याचा शब्द हा शब्द ठरतो, आणि आमच्या मनुष्याचा शब्द ही चूक ठरते. माझी तक्रार आहे ती या एकमार्गी रहदारीबद्दल.

यावर पहिला आक्षेप असा येईल कीं, विनोद तो विनोद. त्याला एवढें मनावर काय घ्यावयाचें? विनोदाला कमी लेखणारे लोकच असें बोलतात. मराठी विनोदी लेखनाचा पाया ज्यांनीं घातला ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नागपुरांत जन्मले आणि वऱ्हाडांत वकिली करीत राहिले. त्यांचे 'सुदाम्याचे पोहे' १९१० सालीं ग्रंथरूपानें निघाले. त्या विनोदाचा रोख अंधश्रद्धेवर, पोकळ आचारावर, समाजांत मानानें मिरविणाऱ्या मूर्खपणावर होता. म्हणून त्यानें लोकांना विचार करावयास लाविलें. दारांत उभ्या असलेल्या पोराच्या क्रियापदावर त्यांनीं आपली कीर्ति उभारली नाहीं. विनोदाला शक्ति आहे असें आपण मानतों, तर तो कोणावर पडतो हें विचारण्याचाहि आपणांस अधिकार आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो असा कीं, 'पानी', 'जेवून राहिला' ही मराठी नव्हेच. ही हिंदीची भेसळ आहे, आणि तिला हंसणें हें भाषेच्या शुद्धीचेंच कार्य आहे. प्रथम 'पानी' घेऊं. संस्कृत शब्द 'पानीय' आहे आणि त्यांत न आहे. प्राकृतांत 'पाणिअ' झालें आणि त्यांतून आमचें पाणी आलें. झाडीबोलींतला न थेट संस्कृतांतून उतरला असें मी म्हणत नाहीं. परंतु जो गृहस्थ पूजेच्या वेळीं संस्कृतांतला न निःशंक उच्चारतो, त्यानेंच शेतकऱ्याच्या तोंडीं तो आला म्हणजे नाक मुरडावें, याला शास्त्राचा आधार नाहीं. आतां 'जेवून राहिला'. हिंदींत 'खा रहा है' आहे, हें खरें. शेजारांत राहून रचना एकमेकींच्या जवळ आल्या असतील, हेंहि मान्य. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा ज्या राज्यांत होता, त्याची राजधानी नागपूर होती आणि त्यांत हिंदी व मराठी असे दोन्ही मुलूख नांदत होते. परंतु 'बसून राहणें', 'पडून राहणें', 'टिकून राहणें' हें सारें छापील मराठीचेंच धन आहे. त्याच धातूला पूर्वेकडच्या लोकांनीं आणखी एक काम सांगितलें, तर त्यांत बाटलें काय?

आणि भेसळच शोधावयाची तर ती छापील मराठींत थोडी आहे काय? हरकत, खुलासा, वगैरे, बाकी, तारीख हे शब्द कोठले? फडणवीस आणि चिटणीस ही ऐटदार आडनांवें कोणत्या भाषेंतून आलीं? दरबारांतून आलेला फारसी शब्द घरचा, आणि बालाघाटच्या बाजारांतून आलेली हिंदी रचना परकी, असा भेद जेव्हां केला जातो, तेव्हां तो भाषेचा भेद नसतो. दरबार आणि बाजार यांचा भेद असतो. २०२५ सालीं पहिलीपासून हिंदी शिकविण्याच्या शासकीय आदेशांवरून महाराष्ट्रांत मोठें वादळ उठलें आणि २९ जून २०२५ रोजीं ते आदेश मागें घेण्यांत आले. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यांत मी स्वतःस गणतों. परंतु हिंदीच्या भीतीपोटीं, हिंदीसारखें जें जें दिसेल तें तें मराठी नव्हे असें म्हणूं लागलों, तर त्याची शिक्षा, आणि येथें मी मराठी अर्थानेंच बोलत आहें, झाडींतल्या मुलाला होते. सारखेपणा म्हणजे एकपणा नव्हे. 'गिफ्ट' पाहून देणगी समजणाऱ्या प्रवाशाची जी चूक, तीच 'जेवून राहिला' ऐकून हिंदी समजणाऱ्या पंडिताची.

हे लोक मराठीचें वय सिद्ध करावयाचें झालें कीं कोठें जातात, तेंहि पाहा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीच्या प्राचीन गद्याची गोष्ट निघाली कीं लीळाचरित्राचें नांव घ्यावेंच लागतें, आणि त्याचें जन्मस्थान म्हणजे अमरावती जिल्ह्यांतलें रिद्धपूर. त्याच ग्रंथांत निळभट्ट भांडारेकार येतात, ज्यांचें नांव भंडाऱ्याशीं जोडलें जातें. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलत असे. स्त्रिया, सेवक आणि विदूषक यांच्या वांट्यास प्राकृत येत असे. त्या प्राकृतांच्याच कुळांतून आपली मराठी जन्मली. कोणे एके काळीं हंसविण्यासाठीं राखून ठेवलेल्या भाषांच्या वंशजानें आज राजाच्या आसनावर बसून आपल्याच धाकट्या बहिणीला विदूषकाची टोपी घालावी, हें शोभत नाहीं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. परीक्षा, नोकरी, कचेरी यांसाठीं प्रमाण मराठी हवी. बोलीचे लाड करून मुलांचें नुकसान होईल. प्रमाण मराठी हवी, यांत दुमत नाहीं. हा लेखहि तींतच लिहिला आहे. परंतु ती शिकविण्याची रीत हंसणें ही नव्हे. 'तूं चुकलास' असें सांगितल्यानें मूल दुसरी भाषा शिकत नाहीं, पहिली बोलावयाचें थांबतें. वर्गांत ज्याच्या एका वाक्याला हंसें झालें, तो पुढच्या प्रश्नाला मान हलवून उत्तर देतो, आणि शिक्षक त्याच्या वहींत मंद असा शेरा मारतात. 'तुझ्या घरीं ज्याला जेवून राहिले म्हणतात त्याला पुस्तकांत जेवीत आहेत म्हणतात,' असें जर सांगितलें, तर त्याच मुलाला एका क्षणांत दोन भाषांचें व्याकरण समजतें. जर्मन शिकणाऱ्या इंग्रज मुलाला अशा शब्दांच्या याद्या करून देतात. आमच्या मुलाला यादी मिळत नाहीं, टाळ्या ऐकूं येतात.

चौथें म्हणणें आमच्याच लोकांचें आहे: आम्हीच आमच्या बोलींत विनोदी चित्रफिती करतों, लाखों लोक त्या पाहतात, बोली जगतेच आहे कीं! या तरुणांचा उत्साह मला मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच त्यांच्यापाशीं एक कसोटी ठेवतों. हंसून झाल्यावर पाहणाऱ्याला बोलीविषयीं, माणसाविषयीं किंवा मुलुखाविषयीं कांहीं अधिक कळलें काय? धानाच्या खरेदींत फसलेल्या शेतकऱ्याची फजिती त्याच्याच बोलींत सांगितली आणि लोक हंसले, तर बोलीनें आपलें काम केलें. परंतु तोंड वेडेंवांकडें करून, आवाज ओढून, 'जेवून राहिला' एवढेंच पुनःपुन्हां म्हटलें, तर तो खेकसणारा जर्मन आणि हा यांत भेद उरला नाहीं. आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीला हिवाळ्याच्या रात्री अपुऱ्या पडतात. पहांटेपर्यंत मंडपांतून माणूस हलत नाहीं. तेथेंहि पुष्कळ नाटकांत नायक छापील भाषेंत प्रेम करतो, आणि बोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडीं. ज्या दिवशीं नायिका झाडीबोलींत रडेल आणि मंडप तिच्याबरोबर रडेल, त्या दिवशीं आमचा न्यूनगंड गेला असें मी समजेन.

कारण प्रश्न केवळ मानापमानाचा नाहीं. शब्द जातात त्यांबरोबर ज्ञानहि जातें. आमच्या मुलुखांत जुने मालगुजारी तलाव आहेत. लहान तळ्याला 'बोडी' म्हणतात, बांध घातलेल्या धानाच्या वाफ्याला 'बांधी', रोपांना 'पऱ्हे'. पाणी कोठें अडवावें, कोणत्या बांधींत केव्हां सोडावें, पऱ्हे केव्हां उपटावे, ही सारी विद्या या शब्दांत सांठविलेली आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीवरील सातवा खंड १९०५ सालीं निघाला, तेव्हां त्यांत इकडची भाषा नागपुरीच्या सदरांत गेली. परक्या अंमलदारानेंसुद्धां तिला मराठीचें घर दिलें. पुढें डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोलीचा अभ्यास हेंच आयुष्याचें कार्य मानून तिचा कोश सिद्ध केला. ज्या बोलीला कोश आहे, जिची साहित्यसंमेलनें भरतात, तिच्यावर विनोद करण्यापूर्वीं तो कोश उघडून पाहण्याची तसदी वक्त्यांनीं घ्यावी, ही अपेक्षा अवास्तव आहे काय?

शेवटीं 'चेष्टा' या शब्दाकडे वळतों, कारण त्याच्यावरच हें सारें प्रकरण संपवितां येतें. संस्कृतांत चेष्टा म्हणजे हालचाल, खटपट. हिंदीनें तिला प्रयत्नाचा अर्थ दिला, मराठीनें थट्टेचा. हिंदी मनुष्य 'मी शिकण्याची चेष्टा करतों' असें म्हणाला म्हणजे आम्हांला हंसूं येतें. येऊं द्यावें. परंतु दोन्ही अर्थांच्या चेष्टा करावयाच्याच असतील तर त्यांचा क्रम तरी आपण ठरवूं या: आधीं हिंदी अर्थाची, मग मराठी अर्थाची. त्या दुपारीं आमच्या वक्त्यांनीं दारांतल्या मुलाला एवढेंच म्हटलें असतें, 'बाळ, आमच्याकडे याचा अर्थ जेवून मुक्कामाला राहिले असा होतो; तुमच्याकडे कसा होतो?' तर मुलानें तो सांगितला असता, आणि मग दोघेहि हंसले असते. मुलगा कदाचित् थोडा अधिक हंसला असता. आणि किस्सा सांगण्याचा पहिला हक्क त्याचा ठरला असता.